ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळींना एका कंडक्टरचं खुलं पत्र

नमस्कार दादा-ताईंनो,

वाढदिवसाला केक न कापता ब्लँकेट वाटणारे, गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून वाटणारे, दहावीच्या बॅचचे ग्रुप, भिशीतल्या ताया, कोचिंगवाले सर आणि त्यांची पोरं, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहायलोय. नाव कुणाचंच घेत नाही, कारण एकाचं घेतलं की बाकीचे म्हणतील हे आपल्याला नाही, आणि हे सगळ्यांनाच आहे, मला धरून. मी एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटी नसली की आठवड्यातून तीन रात्री आम्ही चौघं (एक ड्रायव्हर, एक मेडिकलवर काम करणारा पोरगा, एक रिटायर नर्सताई आणि मी) परभणीत स्टेशन, स्टँड, मोंढा (धान्याचा बाजार), पुलाखाली असं फिरतो. संस्था नाही, बोर्ड नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे, तिच्याबद्दल पुढं सांगतो.

परवा रात्री साडेअकराला स्टेशनबाहेर तुमच्यातल्याच एका ग्रुपच्या दोन गाड्या थांबल्या. हेडलाइट चालूच. सहासात पोरं उतरली, मोबाइलचे टॉर्च लावले, आणि भिंतीला पाठ लावून झोपलेल्या एका बाबाच्या तोंडावरचं पटकुर बाजूला करून "बाबा, इकडं बघा, इकडं" म्हणत ब्लँकेट अंगावर घातलं, फोटो झाला, गाड्या गेल्या. दहा मिनिटात दुसरा ग्रुप आला. मग तिसरा. त्या एका बाबाला त्या रात्री तीन ब्लँकेटं आणि शून्य झोप मिळाली. आणि तिथून फार तर पाचशे पावलांवर मोंढ्यात, बंद आडतीच्या ओट्यावर एक माणूस खताचं रिकामं पोतं पायात घालून झोपलेला असायचा, त्याला चार वर्षांत एकदाही कुणाचं ब्लँकेट मिळालेलं मी पाहिलं नाही, कारण तिकडं लाइट नाही आणि गाडी वळत नाही.

आता कुणी म्हणंल, हा कंडक्टर बसल्या जागी नावं ठेवायलाय, देणाऱ्याला बोलायलाय. तसं नाही बाप्पा. आपल्याकडची थंडी काय असती ते मला सांगू नका, २०१८च्या डिसेंबरात कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर गेला होता, तेव्हा मी पहाटेच्या गाडीवर होतो आणि तिकिटाचे सुट्टे पैसे बोटात धरवत नव्हते. ब्लँकेट पाहिजेच. फक्त त्या ब्लँकेटचं सकाळी काय होतं, हे तुम्ही कधी थांबून बघितलं नाही, म्हणून सांगतो.

पहाटे साडेपाचला झाडूवाले येतात, पाण्याचा पाइप येतो, सगळ्यांना उठावं लागतं. दिवसभर कुठं बसायचं, कुठं जायचं, ते पायावर. आता तीन ब्लँकेटं काखेत मारून एक म्हातारा माणूस दिवसभर कसा फिरणार, सांगा तुम्हीच. ठेवायला घर असतं तर ब्लँकेट लागलं कशाला असतं. मग तो एक ठेवतो आणि दोन विकतो, पन्नास रुपयाला म्हणा, कधी चहा-पोह्याला म्हणा, हो, कधी क्वार्टरलापण. ते विकलेलं तुमच्यापैकी कुणीतरी बघतं आणि ग्रुपवर टाकतं की "ह्या लोकांना देऊन उपयोग नाही." त्यात ही ब्लँकेटं बहुतेक पानिपतकडची, जुन्या कपड्यांची लोकर पिंजून केलेली, एकदा भिजली की मणभर वजन आणि तीन दिवस वाळत नाहीत, मग तिथंच टाकून द्यावी लागतात. आपल्या आयांनी शिवलेली वाकळ बरी, धुता तरी येती.

आणि गाडीचं. रात्री लाइट मारत गाडी थांबली की निम्मे लोक पळतात, बघितलंय का? त्यांना वाटतं उचलायला आलेत. भीक मागण्यावर बंदीचा १९५९चा कायदा अजून आपल्या राज्यात आहे, पहिल्यांदा धरलं तर तीन वर्षांपर्यंत कोंडता येतं. दिल्ली हायकोर्टानं २०१८ला त्यातली बरीच कलमं रद्द केली पण ती दिल्लीपुरती. आमच्या वहीतल्या एका आजोबांना तरुणपणी मुंबईत असंच उचललेलं, त्याला आता तीस वर्षं झाली असतील, तरी चारचाकीचा दरवाजा वाजला की ते चप्पल सोडून पळतात. म्हणून आम्ही पायी जातो, आणि साडेनऊच्या आत जातो, लोक जागे असताना. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही हा नर्सताईंचा पहिला नियम. त्या म्हणतात, रस्त्यावरच्या माणसाकडं स्वतःचं असं काय असतं तर झोप.

मी हे काम कसं धरलं ते सांगतो, म्हणजे माझंपण किती चुकलंय ते कळंल.

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर आमचा संप लागला, पार पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद, गाड्या बंद, आम्ही डेपोपाशी मंडपात बसलेलो. स्टँड एवढं रिकामं मी जन्मात बघितलं नव्हतं, फलाटावर कुत्री झोपलेली. त्यात एक म्हातारी रोज मंडपापाशी यायची आणि विचारायची, "लेकरा, गाडी कवा लागंल?" मी म्हणायचो, मावशी संप आहे, गाडी नाही. बरं म्हणायची, जायची. दुसऱ्या दिवशी परत, "गाडी कवा लागंल?" चारपाच दिवसांनी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. गेल्या हिवाळ्यात, त्याच्या आधीच्याही हिवाळ्यात, ही बाई मला हेच विचारत होती, आणि मी ट्रिपच्या गडबडीत "लागंल लागंल आता" म्हणून पुढं पळत होतो. मला ती पॅसेंजर वाटायची. एवढी वर्षं लोकांची तोंडं बघून तिकीट फाडणारा माणूस मी, कोण फुकट जाणार ते चढायच्या आधी ओळखतो, आणि ही बाई कुठंच जाणार नाही हे मला गाड्या बंद पडल्यावर कळलं.

मग संपात काम काय होतं, बसलो तिच्याजवळ. गाव कोणतं विचारलं तर म्हणाली "मपलं गाव." हे एक तुम्हाला सांगून ठेवतो, रस्त्यावरच्या माणसाला कधीच पहिल्यांदा गाव आणि आडनाव विचारू नका. गाव विचारलं की त्याला वाटतं पाठवून द्यायलेत, आणि आडनाव विचारलं की वाटतं जात काढायलेत. आम्ही विचारतो, तुमच्याकडचा बाजार कोणत्या वारी? जत्रा कुणाची भरती? पाणी कुठून आणता, नदी का वढा? बाजार विसरत नाही माणूस. स्वतःचं नाव विसरलेला एक जण बाजाराचा वार बरोबर सांगायचा.

मावशी म्हणाली मंगळवारी बाजार, चैतात मारुतीची जत्रा, गाडी फाट्यापोतर येती. आता असली गावं परभणी जिल्ह्यात पन्नास निघतील. मग मी आपला कंडक्टरी प्रश्न टाकला, अर्ध्या तिकिटाला किती पडायचे? म्हणाली, पंचवीस. झालं! पूर्ण तिकीट पन्नासच्या आसपास, तेव्हाचा दर, सहा किलोमीटरचा एक टप्पा, म्हणजे सहा-सात टप्पे, चाळीसेक किलोमीटर. गंगाखेडची बाजू. त्या रूटचे आमचे दोघं मंडपातच बसलेले, एकानं पंधरा मिनिटात फाटा सांगितला. (आता हा धागापण गेला म्हणा, २०२२पासून पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, नंतर बायांना अर्धं, म्हातारीला तिकिटाचा आकडाच लक्षात राहणार नाही. सवलत चांगलीच आहे, आपली उगं जाता जाता.)

फेब्रुवारी संपता संपता आम्ही दोघं तिला मोटरसायकलवर मधी बसवून गावाला घेऊन गेलो. गावात हार घातला. खरंच. सरपंचांनी शाल दिली, मी फोटो काढला, "माय घरी पोचली" म्हणून स्टेटस ठेवलं, दोनशेच्या वर लोकांनी बघितलं, बायको पहिल्यांदा खूश झाली त्या संपात. घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले पोरगा-सून येतील, आम्ही बघतो, तुम्ही जा. आम्ही आलो.

सतराव्या दिवशी मावशी स्टँडवर. मला बघून जी पेटली ती, "तुला कुनी सांगितलं व्हतं रे? कुलपाकडं बघत बसू व्हय मी तिथं?"

कुलूप का होतं, ते मी विचारलंच नव्हतं. पोरगा-सून ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा-दिवाळी झाली की कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, लेकरं सोबत, आणि परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. त्या वर्षी तर ऊस एवढा झाला होता की मराठवाड्यातले कारखाने पार जूनपर्यंत चालले. म्हातारी कोपीवर (तोडीवाल्यांच्या झोपडीवर) नेता येत नाही, तोडीला तिचा उपयोग नाही, गावात ठेवली तर बघणारं कोण. दळण-पीठ देऊन जायचे बिचारे, पण गुडघ्यानं चूल होत नाही, शेजारी चार दिवस वाढतात, पाचव्या दिवशी दार लावतात. मग तिनं स्वतःच मार्ग काढला. सहा महिने स्टँड. इथं हॉटेलवाला वाढतो, रात्री लाइट असतो, माणसं असतात. उन्हाळ्यात पोरगा आला की जाती परत. म्हणजे ती हरवलेली नव्हतीच, आणि "गाडी कवा लागंल" हा प्रश्नपण येडेपणाचा नव्हता, पोराचा कारखाना कधी बंद होणार हेच ती विचारत होती आपल्या परीनं, आणि तिच्या हिशोबात ते मला माहीत असायला पाहिजे होतं कारण मी सरकारी माणूस.

सून वाईट नाही हं. भेटलोय मी. रडली माझ्यापुढं. तुम्ही म्हाताऱ्यांचा फोटो टाकून खाली "आईबापाला रस्त्यावर टाकणाऱ्या लेकरांनो" असं लिहिता ना, त्याच्या आधी एकदा घराचं कुलूप बघून या.

हे मी एवढं लांबवलं कारण आपल्या भागातलं बेघर असणं हे मुंबई-दिल्लीसारखं नाही. आमच्या वहीत कारखान्याच्या हंगामात वाढणारी आणि जूनला कमी होणारी अशी एक रांगच आहे. २०११च्या जनगणनेत बेघर लोक २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर निघाले. त्या रात्री मावशी स्टँडवर असती तर बेघर, तीच जुलैत मोजली असती तर घरवाली. आणि तुमची ब्लँकेटं येतात बरोबर ह्याच हंगामात. म्हणजे तुम्ही बरोबर वेळेला येता, फक्त थांबत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात जे पाणी झालं त्याच्यानंतर नवीन तोंडं दिसायलीत, सालगडी म्हणून राहिलेली, जमीन मालकाची खरडून गेली तर गड्याला कोण ठेवणार. त्यांचं अजून नीट लिहायचं राहिलंय.

बरं, वही. वही म्हणजे आमच्या वेबिलसारखी (कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद) आखलेली. तारीख, ठिकाण, माणूस स्वतःला काय म्हणवतो ते (खरं नाव नसलं तरी चालतं), बाजाराचा वार, काय दुखतंय, कुणाचं ऐकतो, पुढच्या वेळी काय आणायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुणाला नेलकटर, कुणाला एकाच पायाची चप्पल (दुसऱ्या पायाला पट्टी आहे), कुणाला चष्मा, बायांना पॅड आणि आतले कपडे, जे मागायला त्यांना लाज वाटती आणि द्यायचं तुम्हाला सुचत नाही. एक जण फक्त पंचांग मागतो दरवर्षी. आणलं की दुसऱ्या रात्री माणूस आपणहून बोलतो. पहिल्या रात्री कुणीच बोलत नाही, पहिल्या रात्री तुम्ही आणि आम्ही सारखेच, कोणीतरी आलेले.

मोंढ्यातल्या त्या पोतंवाल्याशी बोलायला आम्हाला पाच आठवडे लागले. हमाल होता. खोकला. नर्सताईंना आवाजावरूनच शंका आली. थुंकी तपासली, टीबी निघाला. औषध फुकट आहे, सहा महिन्यांचं, आणि खायला म्हणून सरकार महिन्याला पैसेपण देतं, आधी ५०० होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून १०००. पण पैसे खात्यात येतात, खात्याला आधार, आधारला पत्ता. पत्ता काय लिहायचा, आडत दुकान नंबर अमुक, ओटा? निवाऱ्याच्या अधीक्षकाचा दाखला चालतो आधारला, ते आम्हाला नंतर कळलं. त्यातनं बोटं. चाळीस वर्षं पोती उचलून बोटं एवढी गुळगुळीत झाली होती की मशीन घेईना, शेवटी डोळ्यांवर काम झालं, तर अर्ज रिजेक्ट, का तर या माणसाचं आधार आधीच आहे. ऐकून डोकं फिरलं होतं आमचं, पण मेडिकलवाला पोरगा म्हणाला, काका हे तर चांगलं झालं, म्हणजे जुन्या आधारवर गाव असंल! आणि होतं. हे ध्यानात ठेवा, आधार रिजेक्ट होणं हापण घराचा एक पत्ताच असतो.

औषधाची गोळी ठेवायला चहावाला तयार झाला. रोज सकाळी चहाच्या आधी गोळी, मग चहा. साडेतीन महिने एक खाडा नाही. चौथ्या महिन्यात मी मुक्कामी गाडीवर तीन दिवस बाहेर होतो, ताई लेकीकडं गेल्या होत्या, त्याला रात्री रक्ताची उलटी झाली, कुणीतरी १०८ला फोन केला, गाडीनं नेलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. आम्ही पोचलो तेव्हा कागदावर "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६०" असं लिहिलेलं होतं आणि तो शवागारात होता. मी वही दाखवली, नाव आहे, गाव आहे, भाऊ आहे, बाजार गुरुवारचा आहे. तिथला माणूस चांगल्या शब्दात म्हणाला, काका, वही चालत नाही. खिशात आधारची झेरॉक्स असती तर चाललं असतं. झेरॉक्स माझ्या घरी होती, भिजू नये म्हणून.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात नाहीतर कंबरेच्या करदोड्याला एक छोटी प्लास्टिकची पिशवी बांधतो, आत लॅमिनेशन केलेली चिठ्ठी, नाव, आजार, औषध, दोन फोन नंबर. खर्च पंधरा रुपये. तुमच्या एका ब्लँकेटच्या पैशात किती होतात ते बघा.

अजून एक. डोक्यानं बिघडलेला माणूस दिसला की तुम्ही दोनच गोष्टी करता, एकतर हसत व्हिडिओ, नाहीतर "कुठंतरी आश्रमात टाका." २०१७चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्याच्या १००व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की असा फिरणारा माणूस, ज्याला स्वतःची काळजी घेता येत नाही, त्याला संरक्षणात घ्यायचं काम पोलिसांचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, हरवल्याची नोंद करायची, घरचे शोधायचे. बेघराला उपचार फुकट हेपण त्याच कायद्यात. ह्या कलमाची प्रिंट मी तिकिटाच्या बॅगेत ठेवतो. एका चौकीत (आपल्या जिल्ह्यातली नाही, उगं अंदाज लावू नका) मला म्हणाले, आमचं काम नाही. मी प्रिंट काढून टेबलवर ठेवली आणि गप बसलो. वाद नाही घातला. साहेबांनी दोनदा वाचली आणि गाडी काढायला सांगितली. माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

ज्याच्यासाठी चौकीत गेलो होतो तो पोरगा काय बोलतोय ते कुणालाच कळत नव्हतं, लोकांना वाटायचं बडबडतोय. आमचा ड्रायव्हर देगलूरकडचा, तो म्हणाला, बडबड नाही हो, तेलुगू आहे. आपली रेल्वे लाइन सिकंदराबादची, तिकडची माणसं झोपेत नाहीतर तंद्रीत इकडं उतरतात, आपली तिकडं उतरत असतील. पंधरा दिवसांत भाऊ निजामाबादच्या बाजूनं देवगिरी एक्स्प्रेसनं आला. पण असं प्रत्येकाचं होत नाही, आणि उपचाराला माणूस ठेवायचं म्हटलं तर राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. रायगडातल्या कर्जतला डॉ. भरत वटवानींची श्रद्धा संस्था अशाच लोकांना बरं करून देशभर घरी पोचवती, त्यांना २०१८ला मॅगसेसे मिळाला, पण परभणीवरून कर्जत किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि माझी फजितीपण ऐका, नाहीतर म्हणाल सगळं बरोबरच करतो. एक बाबा सारखं "माळेगावला घोडं घेऊन जायचो" म्हणायचा. मला वाटलं झालं, खंडोबाचं माळेगाव, म्हणजे लोहा-कंधारकडचा. दोन सुट्ट्या घालवून त्या बाजूची अकरा गावं फिरलो. शेवटी निघाला बीड जिल्ह्यातला. माळेगावच्या जत्रेला अख्खा मराठवाडा जातो हे माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं जत्रेच्या जादा गाड्या केल्यात, सुचू नये!

आता तुमच्याकडं मागायचं काय.

ब्लँकेटं थांबवू नका, पण एकाच रात्री शंभर वाटायच्या ऐवजी तुमच्या ग्रुपनं एक जागा धरा आणि पूर्ण थंडी तिथंच जा. मोंढा एकानं, दर्ग्याकडची बाजू एकानं (फेब्रुवारीत उरूस लागला की तिथं गर्दीत कोण कुठलं कळत नाही, त्याच्या आधी ओळख पाहिजे), जिंतूर रोडचा पूल एकानं. आठवड्यातून एकदा गेलं तरी खूप झालं. पण माणसं तीच पाहिजेत, दर वेळेला नवीन पोरं पाठवून "अनुभव मिळावा" असं नको, ती काय सहल आहे का. तिसऱ्या वेळी तुम्ही त्याला नावानं हाक मारली आणि त्यानं तुम्हाला, मग ब्लँकेट द्या, मग ते विकलं जात नाही. हे मी पैजेवर सांगतो. म्हणजे विकलं तरी तो तुम्हाला सांगून विकतो.

फोटो नको. अगदीच पाहिजे तर पाठमोरा, विचारून. त्या साडेअकराच्या बाबाची मुलगी वसमत रोडला दिलेली आहे, तिच्या सासरी तुमचा फोटो फिरला होता. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण आता झालं माहीत.

कुणाकडं रिकामं गाळा-गोडाऊन असंल तर दिवसभर गाठोडी ठेवायला द्या. सध्या बावीस गाठोडी तीन टपऱ्यांच्या मागं आहेत, पाऊस आला की टपरीवाल्याच्या शिव्या आणि गाठोड्यातली कागदं लगदा. एक जुनं कपाट आणि कुलपं. एवढंच.

आणि तुमच्यातल्या ज्यांची नगरसेवकांसोबत बॅनरवर तोंडं असतात (हसू नका, खरंच उपयोग आहे त्याचा), त्यांनी एक हिशोब घेऊन जा. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात, २०१३ ते २०२४, नियम होता की एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर लोकांचा कायमचा निवारा पाहिजे, माणशी पन्नास चौरस फूट जागा. २०११ला परभणी ३ लाख ७ हजार होती. म्हणजे तीनशे खाटा. आज शहरात किती आहेत, बायांना वेगळ्या किती, रात्री दहाला आलेल्या माणसाला आधार कार्डाशिवाय आत घेतात का, हे जाऊन बघा, एक रात्र झोपून बघा तिथं. मग जे दिसंल ते बोला. ज्यांना तहसीलची माहिती आहे त्यांनी निराधारचं बघा, महिन्याला १५०० मिळू शकतात, पण त्याला पंधरा वर्षं राज्यात राहत असल्याचा दाखला लागतो आणि २१ हजाराच्या आतलं वर्षाचं उत्पन्न. उत्पन्नाचं सोपं आहे. राहण्याचं त्या माणसानं कुठून आणायचं, ज्याचं गाव त्याला चेहऱ्यानं ओळखतं पण कागदानं नाही, तिथं तुमच्यासारख्या पाच जणांनी तलाठ्याकडं जाऊन बसलं की फरक पडतो. मी एकटा गेलो की म्हणतात, कंडक्टर, तुमचं काय काम.

कुणाला यायचं असंल तर गुरुवारी रात्री साडेआठला स्टँडच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही असतो. गाडी घरी ठेवून या, टॉर्च खिशात, आणि येताना काही आणू नका. पहिल्या गुरुवारी फक्त चाला आमच्यासोबत.

आपला,
एक कंडक्टर, परभणी

ता. क. मावशी यंदा दसऱ्याच्या आधीच आली आहे, मुकादमानं टोळी लवकर उचलली म्हणे. तिच्याकडं ब्लँकेटं दोन आहेत. तिसरं कुणी दिलं तर घेणार नाही, चिडती. तिच्या चष्म्याची उजवी काडी तुटली आहे आणि ती सुतळीनं कानाला बांधून फिरायली. कुणाचं चष्म्याचं दुकान असंल तर कळवा, नंबर वहीत लिहिलेला आहे.